माळ्यावरच्या वीस फ्लॉप्या

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला, की दरवर्षी काही ना काही हाती लागतं. गेल्या वर्षी जुन्या पितळी डब्याच्या मागे एक कापडी पिशवी सापडली. पिशवीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : 'आठवणी – १ ते २०'. आत वीस फ्लॉप्या होत्या.

ज्यांनी फ्लॉपी पाहिलेली नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगतो : साडेतीन इंची, चौकोनी, चपटी प्लास्टिकची डबी. तिच्यात १.४४ मेगाबाइट एवढा मजकूर मावे. आज मोबाइलनं काढलेला एखादा धड फोटोही तिच्यात बसायचा नाही. पण निव्वळ लिहिलेला मजकूर म्हणाल तर एका फ्लॉपीत अख्खी कादंबरी सहज राही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्हा परिषदेतून १९९५ साली निवृत्त झाले आणि वर्षभरातच एक जुना '४८६' कॉम्प्युटर घरी घेऊन आले. सोबत मराठी फॉन्टचा एक संच आणि त्याचं हार्डवेअर लॉक. आगपेटीएवढी ती वस्तू कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय मराठी उमटतच नसे. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. आईनं विचारलं, "वहीत लिहून भागलं नसतं का?" त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं, "कागदाला वाळवी लागते. याला लागत नाही."

अण्णा २००९ साली गेले. कॉम्प्युटर त्याआधीच भंगारात गेला होता. त्यांनी काय लिहिलंय ते आम्ही कुणीच वाचलेलं नव्हतं. 'पूर्ण झालं की दाखवीन' म्हणायचे.

फ्लॉपी वाचायचं यूएसबीचं यंत्र आजही मिळतं. ते मागवलं. वीसपैकी तेरा फ्लॉप्या वाचल्या गेल्या, सात नाहीच. तेरा म्हणजे काही कमी नव्हे, असं म्हणत मी पहिली फाइल उघडायला गेलो, तर लॅपटॉपवरच्या नव्या सॉफ्टवेअरनं ती अडवली. फाइल फार जुन्या पद्धतीची आहे, सुरक्षेच्या कारणास्तव उघडता येत नाही, असा निरोप आला. खटपट करून उघडली, तर पडद्यावर मराठीचा एक काना नाही! इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, मधूनच पौंडाची खूण, कंस, टिंबं. पानंच्या पानं अशी. सौ. मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "वाळवी लागली म्हणायची."

नेमक्या त्याच आठवड्यात माझी पुतणी घरी आली. दोन मैत्रिणींबरोबर तिनं मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट. दोन वर्षं सगळा कारभार वहीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालला. आता बँकेला कागद द्यायचे, दुकानदारांना दरपत्रकं पाठवायची, मालाची मोजदाद ठेवायची. "काका, तुम्ही आयुष्यभर कॉम्प्युटरवर कामं केलीत. ऑफिसचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? मायक्रोसॉफ्टचं पैसे भरून घेऊ, फुकटचं ते लिब्रे ऑफिस घेऊ, की गूगलवरच भागवू?"

वर्षभरापूर्वी तिनं हे विचारलं असतं, तर मी किमती आणि सोयी यांचा तक्ता मांडून दिला असता. पण समोर अण्णांच्या फ्लॉप्या पडल्या होत्या. मी तिला पिशवी दाखवली आणि म्हटलं, "आधी हे बघ. सॉफ्टवेअर येतं नि जातं. मागे उरते ती फाइल. ती कशात आहे, कुठे आहे आणि उद्या कुणाच्या परवानगीनं उघडणार आहे, हे आधी विचार."

येतं नि जातं हे मी उगाच म्हटलं नाही. आमच्या पिढीनं यातली किती साम्राज्यं बुडताना पाहिली! 'वर्डस्टार' १९७८चं. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडच्या टायपिंगच्या वर्गांत ते वेदासारखं शिकवलं जाई, आणि कंट्रोल-के-एस असली मंत्राक्षरं मुलं पाठ करीत. आकडेमोडीसाठी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' आलं. त्याला १९८३ साली 'लोटस १-२-३'नं मागे टाकलं. 'एक्सेल' तर मुळात १९८५ साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसाठी निघालं, विंडोजवर ते नंतर आलं. लोटस शिकलेल्या माणसाला बँकेत नोकरी नक्की, असं म्हणणारे आमचे एक साहेब होते. त्यांचे लोटसमधले तक्ते आज कुठे असतील, देव जाणे.

पुढे 'वर्ड' आणि 'एक्सेल' इतके घट्ट बसले, की 'ऑफिस' म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच असा समज झाला. त्याला आपणही हातभार लावला. गल्लीतला मुलगा कॉम्प्युटर जोडून द्यायचा आणि त्यात विंडोज-ऑफिसची चोरटी प्रत 'फुकट' घालून द्यायचा. ती चोरी आहे, हे कुणाच्या मनातही येत नसे. २००१ साली 'एमएस-सीआयटी' आली आणि महाराष्ट्रातल्या लाखो मुलामुलींनी कॉम्प्युटर शिकायला म्हणून वर्ड आणि एक्सेल शिकून घेतलं. हाताला वळण लागलं ते लागलंच. सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की पैशापेक्षा ही सवय आड येते.

जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेचं उदाहरण या बाबतीत नेहमी देतात. २००३ साली त्यांनी मायक्रोसॉफ्ट सोडून मुक्त सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. दहा वर्षं खपून सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतायचा ठराव केला. यावरून मुक्त सॉफ्टवेअर कुचकामी ठरलं, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ साली आपले तीस हजार कॉम्प्युटर लिब्रे ऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर तेच, पण निर्णय रेटून नेणारी माणसं टिकली तर बदल टिकतो. घरगुती व्यवसायात तर तिघीच जणी. त्यांचं एकमत झालं की झालं!

आता अण्णांच्या त्या अगम्य पानांकडे येऊ. कारण मराठी माणसाला या निवडीत जे कळायला हवं, ते तिथंच आहे.

त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. तो मराठीचं सोंग घेत होता. आपण कळ दाबली की त्याच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच असे. फॉन्ट त्या जागी काना, वेलांटी किंवा अर्धा 'क' असा चित्राचा तुकडा काढून दाखवी. फाइलमध्ये साठवलं जाई ते मात्र इंग्रजी अक्षर. आणि कुठल्या अक्षराच्या जागी कुठला तुकडा, हे प्रत्येक फॉन्टवाला आपापलं ठरवी. श्रीलिपीत लिहिलेलं आकृतीत उघडलं की चिवडा. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं सरकारी प्रमाण १९९१ साली ठरलं होतं, पुण्याच्या सी-डॅकनं त्यावर पुष्कळ कामही केलं होतं. पण बाजारातले फॉन्ट आपल्याच वाटेनं जात राहिले. अण्णांचा फॉन्टसंच अशाच एका छोट्या कंपनीचा. संच गेला, लॉक गेलं, उरले ते इंग्रजी तुकडे.

युनिकोडनं हे सोंग संपवलं. त्यात जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना कायमचे क्रमांक दिलेले आहेत. 'क'चा क्रमांक २३२५. तो साताऱ्यातही २३२५ आणि शिकागोतल्या मराठी माणसाच्या फोनवरही २३२५. फॉन्ट बदला, सॉफ्टवेअर बदला, कंपनी बुडू द्या, 'क' हा 'क'च राहतो. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता, पण 'विंडोज २०००'पासून तो साध्या कॉम्प्युटरपर्यंत पोचला. म्हणजे अण्णा लिहीत होते तेव्हा उपाय जन्मलेला होता, आमच्या घरी यायचा होता. (अजूनही लग्नपत्रिका छापायला गेलात, तर 'युनिकोड चालत नाही, जुन्या फॉन्टमध्ये द्या' म्हणणारे छपाईवाले भेटतात. छपाईपुरतं द्यावं. पण आपली मूळ प्रत त्यात ठेवू नये.)

हे ऐकून पुतणी म्हणाली, "म्हणजे युनिकोडमध्ये लिहिलं की झालं? मग सॉफ्टवेअर कुठलंही चालेल?"

जवळजवळ, पण अगदी तसं नाही. जेवणाच्या टेबलावर आम्ही एक परीक्षा घेतली. एका पानावर तिच्या रोजच्या कामातल्या गोष्टी घातल्या : 'दुसऱ्या खेपेचा माल', 'मिरच्या', 'ज्ञानेश्वर स्टोअर्स' असे अवघड जोडाक्षरांचे शब्द. दरांचा एक तक्ता, बारा लाख चौतीस हजारांसारखी एखादी रक्कम आणि शून्यानं सुरू होणारा एक बँक खाते क्रमांक. ही फाइल वर्डमध्ये केली, लिब्रे ऑफिसमध्ये उघडली, गूगलवर चढवली, फोनवर पाहिली आणि परत वर्डमध्ये आणली.

जोडाक्षरं सगळीकडे शाबूत राहिली. 'ऱ्या'ची ती मराठी चंद्रकोरसुद्धा! एके काळी हिला आपण मुकलोच होतो. तक्त्याच्या रेघा एके ठिकाणी थोड्या सरकल्या. एका जागी मराठी अक्षरं एकदम बारीक झाली. याचं कारण गमतीचं आहे. ही सॉफ्टवेअरं एकाच मजकुराचे दोन आकार मनात धरतात, एक रोमनसाठी आणि एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. आपण एक बदलतो, दुसरा तसाच राहतो. लिब्रे ऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत जाऊन या लिप्यांची सोय चालू आहे ना, एवढं बघून घ्यावं लागलं. आकड्यांतले स्वल्पविराम आधी मिलियनच्या हिशेबानं पडले होते. प्रदेश 'भारत' निवडल्यावर लाख-कोटींप्रमाणे पडले.

आणि खाते क्रमांकाच्या पुढचं शून्य तक्त्यात जाताच गळालं.

याचा मला अनुभव आहे. आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं चिटणीस होतो. सभासदांना परतावा द्यायचा म्हणून मी खाते क्रमांकांचा तक्ता केला आणि बँकेकडे पाठवला. सहा जणांचे पैसे परत आले. शून्यं गळालेली! शिवाय सदनिका क्रमांक ३/१२ होता, त्याची '३ डिसेंबर' अशी तारीख झाली होती. त्या गृहस्थांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत 'माझा वाढदिवस साजरा केल्याबद्दल' माझे जाहीर आभार मानले. दोष सर्वस्वी माझा. तो रकाना 'मजकूर' आहे, आकडा नव्हे, हे आधी सांगून ठेवायचं असतं. पंधरा अंकांहून लांब क्रमांकाचेही शेवटचे अंक असेच शून्य होतात. हे एक्सेलमध्ये होतं तसं लिब्रे ऑफिसच्या 'कॅल्क'मध्येही होतं.

मोठ्यांचीही अशी फजिती होते. २०२० साली करोनाच्या ऐन धामधुमीत इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या यादीतून सुमारे सोळा हजार बाधितांची नावं गळाली, कारण ती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे. नव्या पद्धतीत दहा लाखांहून अधिक ओळी मावतात. फाइलचं शेपूट एका अक्षरानं वेगळं, एवढाच वरवरचा फरक! त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी मानवी जनुकांपैकी काहींची नावंच बदलली, कारण एक्सेल 'मार्च १' नावाच्या जनुकाची तारीख करून टाकत होतं. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून विज्ञानानं नावं बदलली. आमचा ३/१२ त्या मानानं किरकोळच.

मग फाइल ठेवायची कुठल्या रूपात? दोन प्रमाणं आहेत. एक 'ओडीएफ', लिब्रे ऑफिसचं घरचं. २००६ साली ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. दुसरं मायक्रोसॉफ्टचं 'ओओएक्सएमएल', म्हणजे आपली रोजची डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स. ते २००८ साली मान्य झालं. त्याआधीच्या २००७च्या मतदानात भारतानं त्याच्या विरोधात मत दिलं होतं, हे फार थोड्यांना आठवत असेल. आज दोन्हींची रचना जाहीर आहे आणि दोन्ही बहुतेक ठिकाणी उघडतात. म्हणून मी कुणाला कट्टरपणा शिकवत नाही. ज्यांच्याशी रोज देवाणघेवाण आहे त्यांचं रूप धरावं, इतकंच.

गूगलचं मात्र वेगळं आहे. तिथं फाइल आपल्या घरी नसतेच. कॉम्प्युटरवर गूगलच्या कप्प्यात जी 'डॉक'ची फाइल दिसते, ती निव्वळ पत्ता असते, मजकूर नव्हे. ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली तर अण्णांची फ्लॉपी बरी म्हणायची. तिघींनी तीन गावांतून एकाच तक्त्यात ऑर्डरी भरायच्या असतील तर त्यासारखी सोय नाही, हेही खरं. पण फुकटची जागा १५ जीबी, तीही फोटो आणि ईमेलसकट. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं बंद करून आतलं सगळं पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीनं २०२३ साली आपल्या नियमांत लिहून घेतला आहे. घरातला जाणता माणूस गेला आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसला तर? खात्यात एक सोय आहे, अमुक महिने आपण फिरकलो नाही तर कुणाला कळवायचं ते आधीच लिहून ठेवता येतं. माझ्या ओळखीच्या पन्नास माणसांत ती दोघांनी केलेली असेल. मीही गेल्या दिवाळीनंतरच केली.

मायक्रोसॉफ्टचं आता बहुतेकजण वर्षाच्या वर्गणीनं घेतात. वर्गणी थकली की फाइल वाचता येते, छापता येते, पण कॉम्प्युटरवरच्या त्या वर्डमध्ये एक अक्षर बदलता येत नाही. भाड्याच्या घरासारखंच आहे. एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही आहे, २०२४ साली तिची नवी निघाली, पण दुकानदार ती आपणहून सांगत नाही. घरात चार-पाच माणसं वापरणार असतील तर सहा जणांची कुटुंब वर्गणी स्वस्त पडते. चेन्नईच्या 'झोहो'चं देशी ऑफिसही आहे. बरंच नीटनेटकं, आणि ते मुख्यतः इंटरनेटवरच चालतं. म्हणून फाइल कुठे राहते हा प्रश्न तिथंही विचारायलाच हवा.

लिब्रे ऑफिसची कूळकथा मला नेहमी मराठी घरांची आठवण करून देते. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलानं १९८५ साली लिहायला घेतलेलं 'स्टाररायटर', ते 'सन' कंपनीनं १९९९ साली विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा उगम सर्वांना खुला केला. सन कंपनी 'ओरॅकल'कडे गेली तेव्हा, २०१० साली, काम करणारी मंडळीच वेगळी निघाली आणि त्यांनी 'लिब्रे ऑफिस' या नावानं वेगळी चूल मांडली. जुनी कंपनी उरली नाही, तरी काम चालू राहिलं. कुणाही एका मालकाच्या मर्जीवर ते अवलंबून नाही, हा त्याचा खरा गुण. फुकट मिळतं हा दुसरा. उणं म्हणाल तर दिसायला जुनाट, आणि सीएनं पाठवलेली मॅक्रोची गुंतागुंतीची एक्सेल त्यात हटकून अडते.

शेवटी पुतणीनं काय केलं? तिचा सीए एक्सेलशिवाय बोलत नाही, म्हणून एका कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस रीतसर विकत घेतलं. बाकी दोघींकडे लिब्रे ऑफिस. रोजच्या ऑर्डरी गूगलच्या तक्त्यात, पण दर महिनाअखेरीस तो तक्ता उतरवून घेऊन दोन ठिकाणी ठेवायचा. जीएसटीची बिलं तक्त्यात करायचा मोह मात्र मी तिला आवरायला लावला. हिशेबाचं काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं करावं. पक्की झालेली कागदपत्रं पीडीएफ करून ठेवते, आणि सोबत मूळ फाइलही. कारण देवनागरी पीडीएफमधला मजकूर परत उचलायला गेलं तर पुष्कळदा वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटून येतात. चार महिने झाले, तक्रार नाही. एक मैत्रीण अजून वहीतही लिहिते. लिहू दे.

अण्णांच्या फाइली शेवटी लिब्रे ऑफिसमध्येच मुकाट्यानं उघडल्या. जुन्या, विसरल्या गेलेल्या पद्धतींच्या फाइली वाचण्याचं काम काही मंडळी हौसेनं करत असतात, त्याचं हे फळ. फाइलच्या पोटात फॉन्टचं नाव सापडलं. त्या नावावरून त्याच घराण्यातल्या फॉन्टचं रूपांतर करणारं एक साधन मिळालं. तरी निम्मी जोडाक्षरं चुकीची आली, 'ऱ्या' सगळीकडून गळाला, 'श' आणि 'रा' यांची अदलाबदल झाली. रोज संध्याकाळी दोन पानं दुरुस्त करत बसलो. पौंडाची खूण म्हणजे 'द्ध', हे आता मला झोपेतही सांगता येईल.

अकराव्या फ्लॉपीत कोयनेचा भूकंप होता. ११ डिसेंबर १९६७. अण्णा तेव्हा पाटणला होते, मी आठ महिन्यांचा. भिंत कशी आली, आईनं मला कसं पाळण्यातून ओढून काढलं, अंगणात कडाक्याच्या थंडीत अख्खी आळी घोंगड्या पांघरून कशी उजाडायची वाट पाहत बसली, सगळं तपशिलानं लिहिलेलं. यातलं एक अक्षर आम्हाला दोघांनी कधी सांगितलं नव्हतं.

आईचं वय आता पंचाऐंशी. तिला ते पान वाचून दाखवलं. शेवटपर्यंत गप्प ऐकलं तिनं. मग म्हणाली, "घोंगडी आपली नव्हती. शेजारच्या काकूंनी दिलेली. ते लिहायचं राहिलं त्यांचं. तू लिही तिथं."

मी लिहिलं. उरलेल्या सात फ्लॉप्या टाकून द्याव्यात का, असं सौ.नं विचारलं, तेव्हा आईनं पिशवी उचलून आपल्या कपाटात ठेवली.